बयावहिनींच्या घरचं बाळंतपण

निमगाव सावा गावात बयाबाई कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर माणूस जरा विचारात पडेल. बयावहिनी म्हणालात, की लगेच हात लांब करून कॅनॉलच्या पलीकडचं पत्र्याचं घर दाखवील. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं. दुधाच्या गाडीवाला वहिनी म्हणतो, वस्तीवरची पोरंसोरं वहिनी म्हणतात. एवढंच काय, पोटचा मुलगा ऋषीसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतो. नारायणगावच्या ट्रॅक्टरच्या दुकानातून त्याचा फोन येतो, "वहिनी, आज उशीर होईल, जेवून घ्या," आणि शेजारी बसलेलं नवं माणूस बुचकळ्यात पडतं.

त्यात गूढ काही नाही. बयावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा घरात दोन लहान दीर होते. सकाळपासून "वहिनी, भाकर", "वहिनी, माझी चड्डी", "वहिनी, ह्यानं मला मारलं". ऋषी बोलायला लागला तो हेच ऐकून. आणि 'आई' हा शब्द घरात आधीच दिलेला होता, तो बयावहिनींच्या सासूबाईंना, साळुबाईंना. दीर त्यांना आई म्हणत, म्हणून ऋषीही म्हणू लागला. त्याची आंघोळ, खाणं, झोप सगळं साळुबाईंच्या हाती. बयावहिनींच्या हाती शेत. तरण्याताठ्या सुनेनं पोर घेऊन घरात बसायचं आणि म्हातारीनं रानात जायचं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे. पाजायला तेवढं पोर बांधावर आणून दिलं जाई, पाजून झालं की परत नेलं जाई.

पुढं मुलगी झाली असती तर तिनं 'आई' म्हणून हाक मारली असती, पण मुलगी झाली नाही. सून आली, वृषाली, शिनोलीची, बी.कॉम. झालेली. तिनं इकडच्या पद्धतीप्रमाणे सासूला 'आत्या' म्हणायला सुरुवात केली. नातू झाला, समर्थ. तो 'आजी' म्हणू लागला. वहिनींना सगळं गोड वाटलं. काही कमी आहे असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

समर्थ चार वर्षांचा झाला आणि वृषालीला पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, हे ठरलेलंच. शिनोलीच्या मंडळींनी पहिल्या वेळी सगळं हौसेनं केलं होतं. आता पाळी निमगावची. सगळे खुशीत होते. बयावहिनी मात्र धास्तावल्या.

कारण त्यांनी बाळंतपण कधी केलंच नव्हतं. लेक नाही, म्हणून लेकीचं नाही. स्वतःचं झालं ते माहेरी, आणि तेव्हा त्या खाटेवर होत्या. तान्ह्या जिवाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, गुंडाळायचं, तेल जिरवायचं, यातलं काही त्यांच्या हातांना ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं हे सांगायचं तरी कुणाला?

मग त्यांनी येत होतं ते करायला घेतलं. डिंकाचे लाडू बांधले ते एवढे, की त्यांचे मालक, कुंडलिकराव, डबे बघून म्हणाले, "अगं, बाळंतीण एकच हाय ना? का कांदं काढणाऱ्या टोळीला वाटायचंत?"

"तुमी खाऊ नका म्हंजी पुरतील," वहिनी म्हणाल्या.

शेवग्याच्या शेंगा, अळीव, बाळंतशेपा, ओवा, शेगडीला कोळसा, सगळं आणून ठेवलं. मग नारायणगावच्या दवाखान्यातून वृषाली मुलगी घेऊन आली. ओवाळून, भाकरतुकडा टाकून झाला. वृषालीनं बाळ पुढं केलं. "घ्या आत्या, तुमची नात."

वहिनींनी दोन्ही हात मागं घेतले. "नगं गं बाई. कांद्याचं हात हायेत. वास लागंल तिला."

तेव्हा वृषाली हसली. पण कांद्याचे हात रोजच कांद्याचे राहिले. आंघोळीला धनगरवस्तीवरच्या रतनबाई येऊ लागल्या. बोलायला फटकळ, पण हात लोण्यासारखा. रतनबाई बाळाला पायावर घेत आणि वहिनी दारातूनच गरम पाण्याची कळशी आत सरकवत.

"काय वहिनी," रतनबाई म्हणायच्या, "नात चावती व्हय?"

"मला रानात जायचंय," म्हणून वहिनी चालू पडत. आणि जाताना समर्थला बरोबर घेत.

आधी ते सुनेला हातभार म्हणूनच होतं. पोरगं घरात असलं की आदळआपट करायचं, आणि जो तो त्याला म्हणायचा, "आवाज करू नको, बाळ उठंल." त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची थट्टा. "आता बहीण आली, तुझं काय खरं न्हाई बाबा." पोरगं कावरंबावरं व्हायचं. वहिनी म्हणाल्या, "वृषाली, तू हिला बघ. ह्याचं मी बघते." त्याला भरवायचं वहिनींनी, न्हाऊ घालायचं वहिनींनी. चार वर्षांचं पोर धरायला त्यांना भीती वाटत नव्हती. ते काही निसटत नाही.

वृषालीला बरं वाटलं. "आत्या, तुमच्यामुळं डोळ्याला डोळा लागतो हो," ती म्हणायची. गावातल्या बायका तर कौतुकानं कानशिलावर बोटं मोडत.

रानात कांद्याची काढणी चालू होती. बायका ओळीनं बसून पात कापत होत्या. समर्थ आपल्या प्लॅस्टिकच्या ट्रॅक्टरमध्ये बारीक कांदे, गोल्टी म्हणतात ती, भरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत होता. ऊन वाढलं तसा तो आला आणि म्हणाला, "आई, पाणी दे."

वहिनींनी मागं वळून पाहिलं. वृषाली आली की काय रानात, अजून बाळंतीण असताना? मागं कुणीच नव्हतं. पोरगं त्यांच्याकडेच हात पसरून उभं होतं.

शेजारची बाई हसली. "घ्या वहिनी, प्रमोशन झालं की तुमचं!"

सगळ्याच हसल्या. वहिनीही हसल्या. 'आई न्हाई रं, आजी,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठावर आलाही होता. त्यांनी तो गिळला आणि बाटलीचं झाकण उघडलं. पोरगं पाणी पिऊन पुन्हा ट्रॅक्टरकडे पळालं. वहिनी झाकण लावायचं विसरून तशाच बसल्या. आजवर हा शब्द घरात सासूला गेला होता, देवळात देवीला गेला होता. त्यांच्याकडे तो आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणालं. नंतर म्हणतच राहिलं. घरी आलं की ते कुणालाच काही म्हणत नसे, नुसतं पदर ओढून काम सांगे. रानात गेलं की आई. आणि वहिनींची रानातली कामं वाढायला लागली. कांदा साठवणीच्या बराखीत भरून झाला तरी बराखीभोवतीचं गवत काढायचं राहिलं. ते झालं तर पाइप गोळा करायचे राहिले. अंगणवाडीला पाठवायच्या वेळी त्याच म्हणायच्या, "आज राहू दे, ऊन लई हाय." त्यांना कळत होतं. हे आपलं नाही, वृषालीचं आहे, आपण नुसतं वापरतोय, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण उद्या सांगू, परवा सांगू, असं करत त्यांनी ते पुढं ढकललं.

घरात वृषाली हाक मारायची, "समर्थ, ये ना, गोष्ट सांगते."

"बाळाला सांग," पोरगं बाहेरूनच म्हणायचं.

एकदा रतनबाईंनी सहज विचारलं, "काय रं बाप्या, तुझी आई कुठं हाय?" तो म्हणाला, "कळशी भरतीय." रतनबाईंनी खोलीतल्या वृषालीकडं बोट केलं. "मंग ही कोण?" "ती बाळाची आई आहे," पोरगं म्हणालं, अगदी समजावून सांगितल्यासारखं. रतनबाई खो खो हसल्या. वृषालीही हसली, पण हसून झाल्यावर बराच वेळ बाळाच्या पायातला धागा बांधत राहिली. कळशी भरून आलेल्या वहिनी दाराशीच थबकल्या होत्या. त्यांनी कळशी आत सरकवली आणि त्या दिवशीही काही सांगितलं नाही.

सव्वा महिना झाला आणि बारसं आलं. शिनोलीहून वृषालीची आई नंदाताई, मामा-मामी, सगळे आले. ऋषीला सख्खी बहीण नाही, म्हणून चुलत बहीण आरती पेठ गावाहून आत्या म्हणून आली. बाळाला पाळण्यात घातलं, आरतीनं कानात नाव सांगितलं, हर्षाली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "वृषालीची हर्षाली! बरं जुळवलंय!" घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. समर्थ नवा सदरा घालून वाटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. ओट्याच्या पायरीला त्याचा पाय अडकला. घुगऱ्या अंगणभर, आणि पोरगं तोंडावर. ओठातून रक्त आलं.

वृषाली पाळण्याजवळून धावत आली. मांडवाच्या मधोमध गुडघे टेकून तिनं दोन्ही हात पसरले. पोरगं उठलं. "आई!" असं मोठ्यानं ओरडलं, आणि तिच्या पसरलेल्या हातांच्या शेजारून पळत जाऊन चुलीपाशी उभ्या असलेल्या बयावहिनींच्या पोटात शिरलं.

मांडव हसला. कुणीतरी म्हणालं, "घ्या! आजीलाच आई करून टाकलं बेट्यानं!"

वहिनींनी त्याला उचललं. पण त्या वृषालीकडं बघत होत्या. वृषालीचे हात क्षणभर तसेच राहिले. मग तिनं ते हळूच खाली घेतले आणि जमिनीवरच्या घुगऱ्या वेचायला लागली, जसं काही ती त्याच्यासाठीच खाली बसली होती.

वहिनींच्या हातातलं पोर एकदम जड झालं. हे त्यांनी पाहिलेलं होतं. पाहिलेलं कसलं, केलेलं होतं. याच अंगणात, ऋषी एवढाच असताना, त्याला गांधीलमाशी चावली. त्या घासाचा भारा घेऊन रानातून येत होत्या. पोर रडत समोरून येताना बघून त्यांनी भारा टाकला आणि खाली बसल्या. पोर शेजारून पळत गेलं, साळुबाईंकडं. तेव्हाही माणसं हसली होती. मग वहिनींनी खाली टाकलेला भारा पुन्हा डोक्यावर घेतला होता, जसं काही दम खायलाच तो उतरवला होता. साळुबाई वाईट नव्हत्या. त्यांनी काही हिसकावलं नव्हतं. त्याही म्हणाल्या होत्या, तू रानाचं बघ, ह्याचं मी बघते.

पाहुणे निघताना नंदाताई हसत हसतच म्हणाल्या, "आमच्याकडं होता तेव्हा आईच्या कडेवरून उतरायचा नाही. आता आजीच गोड लागली म्हणायची. बरंय बाई." हसत बोललेलं असलं तरी ते लागायचं तिथं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भाकरी थापत होत्या. वृषाली बाळाला घेऊन चुलीशेजारी येऊन बसली.

"आत्या, मी आठ दिवस शिनोलीला जाऊन येऊ का?"

"जा की. विचारायचं काय त्यात?"

"हर्षालीला घेऊन जाते." ती जरा थांबली. "समर्थ राहू दे इथंच. तो काही यायचा नाही माझ्याबरोबर. तुमच्यापाशी खुश आहे. उगीच रडारड कशाला?"

तव्यावरची भाकरी फुगली आणि करपली. वहिनींच्या डोळ्यापुढं आठ दिवस उभे राहिले. दिवसभर रानात, घरात, कुठंही, आई, आई. आठ दिवसांनी ही परत येईल तेव्हा पोरगं हिला ओळख दाखवेल, पण पाहुण्याला दाखवतात तशी. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. उलट कौतुकच झालं असतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जायचं तर दोन्ही घेऊन जा."

"अहो, पण तो—"

"रडंल. रडू दे. दोन दिस रडंल." त्यांनी करपलेली भाकरी बाजूला टाकली. "माझं चुकलं वृषाली. तो मला रानात आई म्हणायचा. लई दिस झालं. मी बोलले न्हाई त्याला. मला ग्वाड लागलं."

वहिनी पीठ मळतच होत्या, मळून झालेलं पीठ.

"आन् त्या कांद्याच्या हाताचंबी खोटं हाय. साबणानं वास जातुया की. मला बाळ धरायचं भ्या वाटतं. ऋषीला मी कवा न्हाऊ घातलंच न्हाई. मला येतच न्हाई गं ते. मंग जे येत व्हतं ते घेतलं मी उचलून. तुझं हाय, हे ध्यानात व्हतं तरी."

वृषाली त्यांच्याकडं बघत राहिली. "आणि मी काय समजत होते माहितीय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला नात नकोय. दुसराही मुलगाच हवा होता, म्हणून हात लावत नाही."

"अगं माझे बाई!" वहिनींच्या हातातला गोळा परातीत पडला. "लेक व्हावी म्हणून म्यां किती नवस केलं ते ह्यास्नी इचार!"

बाहेर ओट्यावर दाढी करत बसलेले कुंडलिकराव आरशातच बघून म्हणाले, "मला कशाला मधी घेता? पर केलं व्हतं. खंडोबाचं अजून एक फेडायचंय." वृषालीला हसू आलं, आणि हसता हसता रडू. बाळ दचकून जागं झालं आणि तेही रडायला लागलं. मग कोण कुणाला गप्प करतंय ते कळेना.

ऋषीनं मित्राची गाडी आणली. समर्थला कळलं तसा त्यानं वहिनींच्या पायाला मिठी मारली. "आई, मी नाही जाणार. आई, मी रानात येणार."

वहिनींनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. "आई गाडीत बसलीय बघ. मी आजी हाय. तुझ्या बापाला वहिनी आन् तुला आजी." आवाज कोरडा ठेवायचा होता, ते तेवढं जमलं नाही. गाडी कॅनॉलवरून वळेपर्यंत पोरगं काचेला तोंड लावून रडत होतं, आणि वृषालीनं बाळ ऋषीच्या शेजारी बसलेल्या, बारशानंतर मुक्कामाला राहिलेल्या मामीकडं देऊन त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. एवढं दिसलं. मग वहिनी रानात गेल्या. काम काही नव्हतं. प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर बांधावर उलटा पडला होता, तो त्यांनी सरळ करून ठेवला.

आठाचे बारा दिवस झाले. फोनवर वृषाली सांगायची, दोन दिवस जेवला नाही. मग सांगितलं, आज माझ्याजवळ झोपला. मग एकदा नुसतंच हसण्याचा आवाज आला, आणि "आत्या, नंतर करते, हा बघा ना काय करतोय." वहिनींनी फोन ठेवला आणि जरा वेळ उगाच पडदा झटकला.

परत आले तेव्हा समर्थ गाडीतून आधी उतरला. पळत आला. वहिनींनी हात पसरले नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं खिशातून एक हिरडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "आजी, हे बघ. मामाच्या रानात सापडलं. कडू आहे, खाऊ नको. आई थुंकली!" आणि मागं वळून, "आई, थुंकलीस ना तू?"

"थुंकले बाबा," वृषाली गाडीतूनच म्हणाली.

"लई कडू असंल," वहिनी म्हणाल्या, आणि हिरडा कनवटीला लावला.

दुसऱ्या दिवशी रतनबाई आल्या तेव्हा वहिनी आधीच न्हाणीत साडी गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय लांब करून बसल्या होत्या. हात साबणानं धुऊन धुऊन लाल झाले होते.

"अगं बया! आज सूर्य कुठून उगवला म्हनायचा?"

"बडबड नगं. कसं धरायचं ते सांग."

रतनबाईंनी बाळ त्यांच्या पायावर पालथं ठेवलं. केवढंसं ते, आणि केवढं गुळगुळीत. "वहिनी, कांदा न्हाई तो, एवढा घट्ट धरू नका," रतनबाई म्हणाल्या. "बगलंत हात घाला. असं. आता वता पाणी. वता की, किती वेळ हवा खायाची तिनं?"

पाणी पडलं तशी हर्षाली आधी थांबली, विचार केल्यासारखी, आणि मग शांतच राहिली. वहिनींच्या खडबडीत तळव्याखाली तिची पाठ वरखाली होत होती. अंगणात समर्थ आणि वृषाली ट्रॅक्टरवरून भांडत होते, आधी कुणी चालवायचा म्हणून.

"आई, टॉवेल कुठं ठेवू?"

आवाज ऋषीचा होता, दारातून. वहिनींनी मान वळवून मागं पाहिलं. मागं भिंत होती. रतनबाई तर त्याच्यापेक्षा फार मोठ्या नव्हेत, आणि वृषाली अंगणात. म्हणजे.

ऋषी टॉवेल छातीशी धरून उभा होता, शाळेत कविता विसरलेल्या पोरासारखा. त्याच्या मागं अंगणात वृषाली एकदम गप्प झाली होती. हिनंच शिकवून धाडलंय, हे वहिनींना तेवढ्यात समजलं.

"काय रे," त्या म्हणाल्या, "ताप-बिप आलाय का तुला?"

"न्हाई, म्हटलं..."

"काय म्हणू नको. वहिनी म्हण गप्प. एवढी वर्सं झाली, आता कुठं कानाला नवं लावू मी?"

"बरं, वहिनी," ऋषी सुटल्यासारखा म्हणाला. "टॉवेल कुठं ठेवू?"

"दे हितं."

त्यांनी टॉवेल घ्यायला हात पुढं केला, आणि बाळ पायावर आहे हे आठवून लगेच मागं घेतला. रतनबाई हसल्या. मग वहिनींनाही हसू आलं आणि ते थांबेना. हसण्यानं पाय हलायला लागले, पायांबरोबर हर्षाली हलायला लागली, आणि रतनबाई ओरडल्या, "अवो, वहिनी, धरा, धरा तिला!"

"धरलीय," बयावहिनी म्हणाल्या. "सोडत न्हाई मी."